पेटण्याआधी मोजा

वन विभागाच्या कागदावर वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. महाड-पोलादपूरचे डोंगर हे वेळापत्रक पाळत नाहीत. दिवाळी सरली की गवत पिवळे पडू लागते, डिसेंबरात ते कडकडीत वाळते आणि एखाद्या संध्याकाळी वरंध, कांगोरी किंवा आंबेनळीच्या अंगाला लाल रेघ दिसू लागते. बघणारा 'डोंगर लागलाय' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. सकाळी डोंगर काळा असतो, आठवड्याभरात तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या निर्ढावलेपणाबद्दल आज लिहिणे भाग आहे, कारण वारंवार जळणारा डोंगर पुढच्या आगीला अधिक लवकर बळी पडतो, आणि या डोंगरांच्या कुशीत वाड्या आहेत, पायथ्याशी रसायनांची वसाहत आहे.

महाडला आपत्ती नव्या नाहीत. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी शहरात पाच मजली इमारत पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये दरडीखाली गाडले गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औद्योगिक वसाहतीतील एका औषधी कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार दगावले. प्रत्येक वेळी पंचनामे झाले, मंत्री येऊन गेले, मदतीचे धनादेश वाटले गेले. मोजदाद झाली ती मृतांची. वणव्याच्या बाबतीत आधीची मोजदाद शक्य आहे, स्वस्त आहे आणि ती करण्याइतकी माणसे याच परिसरात आहेत. ती करायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आज आपण काय मोजतो ते आधी पाहू. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने वणव्याचे इशारे देते. २०१९ च्या जानेवारीत या प्रणालीची तिसरी आवृत्ती आली. उपग्रहाला जमिनीवर उष्ण ठिपका दिसला की संबंधित बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश जातो. ही सोय मोलाची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. सध्या वापरात असलेल्या उपग्रह संवेदकाचा सर्वात बारीक ठिपका ३७५ मीटरचा असतो, म्हणजे जवळपास १४ हेक्टरचा. उपग्रह डोक्यावरून जातो तो दिवसातून ठरावीक वेळी. सूर्य कलल्यावर लावलेला गवताचा वणवा पुढच्या फेरीआधी अख्खी सोंड जाळून मोकळा होऊ शकतो. शिवाय हा संदेश आग लागल्याचे सांगतो; ती किती वेगाने कुठे जाईल, ज्वाळा किती उंच उठतील, पाच माणसे झोडपून ती विझवू शकतील की त्यांनी जीव वाचवून मागे फिरावे, हे सांगत नाही. ते सांगायला तीन गोष्टी लागतात: हवामान, उतार आणि इंधन. पहिल्या दोन्ही घरबसल्या मिळतात. तिसरी डोंगरावर जाऊनच मोजावी लागते.

इंधन म्हणजे जंगलातले जे काही जळू शकते ते सगळे. जमिनीवरचा पातेरा, वाळलेले गवत, पडलेल्या काटक्या आणि ओंडके, त्यावर झुडपे आणि वेली, आणि सर्वात वर झाडांचे छत्र. जाडीनुसार त्याचा स्वभाव बदलतो. सहा मिलीमीटरपेक्षा बारीक काडी उन्हाच्या एका तासात हवेप्रमाणे सुकते किंवा दमट होते. साडेसात सेंटिमीटरपेक्षा जाड ओंडक्याला त्यासाठी चाळीसेक दिवस लागतात. आग धावते ती बारीक इंधनावर, धुमसत राहते ती जाड इंधनात.

या साऱ्याचा हिशेब मांडण्याचे शास्त्र जुने आहे. बायरम या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेले समीकरण शाळकरी मुलालाही सोडवता येईल: जळणाची उष्णता गुणिले त्याचे वजन गुणिले आगीचा वेग. एक किलो कोरडे गवत किंवा पाला जळून साधारण १८ हजार किलोजूल उष्णता देतो. समजा, एका चौरस मीटरवर अर्धा किलो वाळके गवत आहे आणि आग मिनिटाला १२ मीटर सरकते आहे. आघाडीच्या प्रत्येक मीटरवर १८०० किलोवॉट एवढी तीव्रता झाली. हातातल्या हत्यारांनी समोरून भिडण्याची मर्यादा साडेतीनशे किलोवॉटच्या आसपास मानतात. तेव्हा ज्वाळा सव्वा मीटरच्या घरात असतात. म्हणजे या आगीसमोर हिरव्या फांद्यांची झोडपणी घेऊन उभे राहणे हा जिवाशी खेळ आहे. आता तेच गवत आधी कापून चौरस मीटरला शंभर ग्रॅमवर आणा. वेग तोच धरला तरी तीव्रता ३६० वर येते, आणि प्रत्यक्षात वेगही मंदावतो. वजन माहीत असेल तर हे नियोजन करता येते. नसेल तर सगळा भरवसा नशिबावर.

त्यात आपला उतार. दर दहा अंशांच्या चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या अभ्यासातून आला. वीस अंशांना चौपट. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटा ज्यांनी चढल्या आहेत त्यांना वीस अंश म्हणजे काहीच नाही हे ठाऊक आहे. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि दरीतून वर चढतो. त्यामुळे भर दुपारी पायथ्याला पेटलेली काडी थेट वरच्या वाडीच्या, गवताच्या गंजीच्या आणि गुरांच्या गोठ्याच्या दिशेने धावते. रात्री वारा उलटतो, डोंगराकडून खाली वाहतो, आणि पेटलेला ओंडका उतारावरून घरंगळत जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी) ओलांडून येतो. दिवसा धोका वरच्यांना, रात्री खालच्यांना.

छत्राचा प्रश्न इथेच येतो, आणि तो सर्वात दुर्लक्षित आहे. अमेरिका-कॅनडातील पाइन-फरच्या जंगलांत आग जमिनीवरून शेंड्याला कधी पोहोचेल याचे गणित व्हॅन वॅग्नर यांनी १९७७ मध्ये मांडले. त्यात दोन आकडे लागतात: सर्वात खालची हिरवी फांदी जमिनीपासून किती उंच आहे आणि पानांत पाणी किती आहे. पानांत त्यांच्या कोरड्या वजनाइतकेच पाणी असेल आणि खालची फांदी दोन मीटरवर असेल, तर शेंडा पेटायला मीटरमागे पावणेपाचशे किलोवॉट पुरतात. तीच फांदी सहा मीटरवर असेल तर जवळपास अडीच हजार लागतात. खालच्या फांद्यांची नुसती छाटणी एवढा फरक पाडते. शेंड्याने आग पकडल्यावर ती एका झाडावरून दुसऱ्यावर जाईल का, हे छत्रात दर घनमीटरला किती बारीक इंधन भरले आहे त्यावर ठरते. तिकडे हे आकडे फांद्या तोडून, वजने करून, अलीकडे विमानातून लेसर किरण सोडून जमवतात आणि संगणकाच्या प्रतिमानांत घालतात.

हे आकडे उचलून महाडच्या डोंगराला चिकटवता येणार नाहीत. आपला ऐन, किंजळ, साग वर्षभर पान धरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये छत्रच खाली उतरते. जानेवारीत वर असलेले इंधन मार्चअखेर पायाखाली कुरकुरत असते. म्हणून इथला वणवा बहुधा जमिनीवरूनच धावतो, आणि म्हणूनच 'आमच्याकडे झाडे जळत नाहीत, फक्त गवत जळते' अशी समजूत रुजली आहे. ती फसवी आहे. उतारावर उक्षीच्या वेली शेंड्यापर्यंत चढलेल्या असतात, घाणेरी आणि रानमोडी कमरेच्या वर माजलेली असते. ही सगळी आगीला वर चढायची शिडी. आणि कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा सबंध डोंगर जांभळा करून ती फुलते तेव्हा पर्यटक छायाचित्रे काढायला येतात. बी पडले की ती सारी एकदम मरते. मग माणसापेक्षा उंच, सुतळीच्या गठ्ठ्यासारखी दाट, ठणठणीत वाळलेली काठ्यांची राने उभ्या चढावर पुढचे उन्हाळे उभी राहतात. पूर्वी घरांच्या कुडांसाठी ही कारवी तोडून नेली जाई. आता घरे चिऱ्याची-सिमेंटची झाली, कारवी डोंगरावरच राहते. कुठल्या उतारावर ती शेवटची कधी फुलली आणि तिथे आज किती सुके इंधन उभे आहे, याचा नकाशा वणवा रोखणाऱ्याच्या हातात असायला नको का?

छत्राचे दुसरे काम त्याहून महत्त्वाचे. दाट छत्राखाली ऊन पोहोचत नाही, पातेरा दमट राहतो, गवत उगवतच नाही. मोकळ्यावर वाहणाऱ्या वाऱ्याचा दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढाच जोर झाडांखाली उरतो. देवराईत वणवा शिरला तरी तो मंद होतो, याचे कारण हे आहे. उलट वारंवार वणवा लागला की कोवळी रोपे मरतात, जुन्या झाडांची साल पोळते, ती एकेक करून जातात, छत्राला भोके पडतात. भोकातून ऊन येते, उन्हात गवत आणि रानमोडी येते, पुढची आग अधिक जोरात लागते आणि भोके मोठी होतात. पंचवीस-तीस वर्षांत जंगलाचा माळ असाच होतो. छत्र किती टक्के मिटलेले आहे हा आकडा म्हणूनच पुढच्या दहा वर्षांच्या वणव्याचे भाकीत आहे.

पावसाळ्यात याची किंमत दुसऱ्या रूपाने चुकवावी लागते. तळीयेची दरड वणव्याने कोसळली असे म्हणायला आधार नाही आणि आम्ही ते म्हणणार नाही. पण उघडी पडलेली, पातेरा आणि मुळांचे जाळे हरवलेली माती पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते, झऱ्यांचे पाणी लवकर आटते आणि सावित्री-काळ-गांधारीच्या पात्रात गाळ वाढतो, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. ज्या तालुक्यांत मेमध्ये टँकर आणि जुलैत महापूर येतो, तिथे डोंगराचे छत्र हा चैनीचा विषय नव्हे.

आता वसाहतीकडे. महाडची औद्योगिक वसाहत बिरवाडी-नांगलवाडीच्या परिसरात डोंगरांच्या वेढ्यात आहे. रसायने, औषधे, रंगद्रव्ये यांचे कारखाने म्हणजे ज्वालाग्राही द्रावकांचे साठे आलेच. धोकादायक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम कारखान्याच्या आतला आणि बाहेरचा असे दोन आपत्कालीन आराखडे मागतात. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गटांची तरतूद केली. या आराखड्यांत गळती, स्फोट, पूर यांचा विचार असतो. आमची मागणी आहे की त्यांत वणवाही यावा. कुंपणाबाहेर किती मीटरपर्यंत सुके गवत आहे, कोणत्या उतारावरून रात्री ओंडका घरंगळू शकतो, वसाहतीचा बंब गावच्या वणव्यावर गेला असताना कारखान्यात आग लागली तर दुसरा बंब कुठून येणार, या प्रश्नांची उत्तरे लेखी असली पाहिजेत. नोव्हेंबर २०२३ नंतर 'असे होईल वाटले नव्हते' हे उत्तर महाडमध्ये कोणालाही देता येणार नाही.

या मागणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की वणवे माणसे लावतात. त्यांना पकडा, मोजमाप कसले करता? वणवे बहुतेक माणसेच लावतात हे खरे. गवत चांगले येते या समजुतीने, शिकारीसाठी, काजूच्या बागेतले रान मोकळे करायला, भातरोपांसाठी दाढ भाजताना हयगय झाल्याने, घाटात फेकलेल्या विडीने. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे आणि त्याच कायद्याचे ७९ वे कलम जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकावर आग विझवायला मदत करण्याचे बंधन घालते. कायदा शंभरीला आला, वणवे थांबले नाहीत. ठिणगी कोण टाकेल आणि केव्हा, हे कुणाला आधी कळत नाही. ती जिथे पडेल तिथे किती इंधन असेल, हे मात्र कळू शकते आणि कमीही करता येते. शिवाय पकडण्याच्या नावाखाली कातकरी किंवा धनगर वाड्यांवर बोट ठेवणे सोपे असते. मोजलेला आकडा असा कुणाचा दुस्वास करत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. वनरक्षकाला ब्लोअर मिळायची मारामार, तिथे शास्त्रीय मोजमाप कोण करणार? याला उत्तर नागझिऱ्याने दिले आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या गवताळ उतारावर गिर्यारोहकांचा गट आगीत सापडला आणि वीसहून अधिक जण गेले. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याचा परिसर पेटला तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. हेलिकॉप्टरच्या एका फेरीचा खर्च आणि मोजमापाचा खर्च शेजारी मांडून पाहावा. आग कुठे आवाक्यात राहील आणि कुठे राहणार नाही हे आधी माहीत असणे, हेच त्या हंगामी मजुराचे खरे चिलखत आहे.

मोजमापाला लागते तरी काय? एक मीटर बाजूची लोखंडी चौकट, कोयता, काटा, कागदी पिशव्या, टेप आणि उंच काठी. चौकट उतारावर टाकायची, आतले गवत आणि पातेरा कापून-गोळा करून तिथेच तोलायचा, पिशवीत भरून प्रयोगशाळेच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे ओलावा. सरळ रेषेत दोरी ताणून तिला छेदणाऱ्या काटक्या जाडीनुसार मोजायच्या. पडलेल्या लाकडाचे वजन काढायची ही पद्धत जगभर वापरतात. काठीने खालच्या फांदीची उंची घ्यायची, वेली-झुडपांची शिडी आहे की नाही ते लिहायचे, मोबाइल आडवा धरून वरच्या छत्राचे छायाचित्र घ्यायचे आणि किती आभाळ दिसते ते काढायचे. राष्ट्रीय वनगणनेत पालापाचोळा आणि मेलेले लाकूड आजही नोंदले जाते, पण ते कार्बनच्या हिशेबासाठी. तीच नजर गावच्या डोंगरापर्यंत आणायची आहे.

आणि माणसे? महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, लोणेरेला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय घाटापलीकडे आहे. वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी कायद्यानेच खर्च करावा लागतो. तो स्वागत कमानींवर घालण्यापेक्षा कुंपणापलीकडच्या डोंगरावर घालावा. संत तुकाराम वनग्राम योजनेने गावाला बक्षीस देण्याची वाट २००६ पासूनच घालून दिली आहे. कमतरता आहे ती हे सारे एका टेबलाशी बसवणाऱ्याची.

ते काम जिल्हाधिकाऱ्यांचे आणि रोहा वन विभागाचे आहे. आमच्या मागण्या नेमक्या आहेत. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत प्रत्येक बीटमध्ये निदान दहा कायम चौकोन ठरवून डिसेंबर, मध्य फेब्रुवारी आणि मार्चअखेर अशी तीन वेळा मोजणी व्हावी. राखीव वन, खासगी वन आणि मालकीची वरकस जमीन यांचा भेद न करता ती व्हावी. आग सातबारा वाचून पुढे जात नाही. मोजणीतून निघालेला धोक्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. कारवी मेलेले उतार आणि वेलींनी भरलेले पट्टे पहिल्यांदा मोकळे करावेत. वसाहतीभोवती गवत कापलेला पट्टा हंगामाआधी तयार असावा आणि त्याची तपासणी कारखाना निरीक्षणाचा भाग व्हावी. जिल्हा नियोजन समितीने यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे.

वरच्या वाड्यांतल्या गावकऱ्यांनाही सांगणे आहे. यंदा गवत कापून उतरवा, गंज घरापासून लांब रचा, दाढ भाजताना पाणी आणि माणसे जवळ ठेवा, आणि ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आमच्या डोंगरावर आज चौरस मीटरला किती इंधन आहे? ज्या अधिकाऱ्याकडे याचे उत्तर नसेल, त्याच्याकडे वणव्याची तयारीही नाही असे खुशाल समजा.